दगडफुलाची जाग

वरचं कातडं

तमिळ मुलखात, तांबरमच्या पश्चिम भागात एका दुमजली घराच्या गच्चीवर रगड्याचा गोटा उभा आहे. रगडा खाली जिन्याशी पालथा पडलेला. इडलीचं पीठ कधीपासून मशीनवर वाटलं जातं. गोटा तेवढा नंदितानं वर नेला, कारण तिला ग्रॅनाइट हवा होता. काळा, बसका, वरून गोल. त्याच्या अंगाला नायलॉनच्या बारीक दोऱ्यानं एक दगडफूल बांधलेलं. वर लोखंडी चौकट. चौकटीवर हिरवी शेडनेट.

दगडफूल म्हणजे मसाल्यातलं, असं ऊर्मी म्हणते. ती सांगलीची, खालच्या मजल्यावर भाड्यानं राहते. तिचा नवरा गजेंद्र ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात आहे. गच्चीवर कपडे वाळत घालायला आली की ती गोट्याकडे बघून हिशेब करते, की एवढ्यात वर्षाचा मसाला निघेल.

दगडफूल म्हणजे झाड, असं नंदिताचे वडील सुरुवातीला म्हणायचे.

दगडफूल म्हणजे बुरशीनं शेवाळाला घरात घेतलं आणि दार लावून घेतलं, असं नंदिता सांगते. शेवाळ उन्हावर स्वयंपाक करतं. बुरशी छप्पर धरते. दोघं मिळून एकच अंग होतं, आणि ते एका अंगाच्या नावानं ओळखलं जातं.

हे छप्पर म्हणजे वरचं कातडं. कागदाहून पातळ. ऊन फार झालं की ते स्वतःला रंगवून घेतं. काही जाती अंगावर पांढरी भुकटी धरतात आणि ऊन परतवून लावतात. काही पिवळ्या होतात, काही भगव्या. नंदिताचं दगडफूल काळवंडतं. राखी-हिरव्या अंगावर चहाच्या डागासारखा रंग चढतो, आणि त्या रंगाखाली शेवाळ निवांत शिजवत बसतं.

एक अट आहे.

रंग चढवायला जाग लागते. दगडफूल ओलं असतं तेव्हाच जागं असतं. वाळलं की झोपतं. झोपेत ते काही बनवत नाही, काही दुरुस्त करत नाही, पण झोपेत त्याला सहसा काही होतही नाही. हात टेकवणार नाही इतका दगड तापला तरी ते झोपून काढतं. जागं असताना मात्र त्याच्या निम्म्या उन्हानं जातं.

म्हणजे ऊन सोसणारं कातडं विणायला ऊन हवं आणि ओल हवी, दोन्ही एकदम. आणि दोन्ही एकदम असणं हेच त्याच्या जिवावरचं. पूर्वी यासाठी पहाट होती. दव, तिरपं ऊन, थोडा रंग, मग वाळणं, मग झोप. आता मे महिन्यात तांबरमला तशी पहाट होत नाही. रात्र निवतच नाही. सूर्य उगवतो तो आधीच तापलेल्या गच्चीवर.

नंदितानं गच्चीवर पहाट करायची ठरवली. हातानं.


हिरवा थर

ती तांबरमच्याच एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. कॉलेजच्या मागच्या रानात एक खडक आहे. त्याच्यावर जुन्या झाडांची दाट सावली होती. वादळात ती झाडं मुळासकट गेली आणि खडकावर एकदम दुपार आली. खडकाच्या उत्तरेकडच्या अंगाला कैक वर्षं सावलीत वाढलेलं हे दगडफूल होतं. त्याआधी नंदिता शेकडो वेळा तिथून गेली असेल. ऊन पडलं म्हणून ते दिसलं.

तिनं नमुना लखनौला एका जाणकारांकडे पाठवला. उत्तर आलं की असलं कुठं नोंदलेलं दिसत नाही, आणखी शोधा. ती पल्लावरमच्या टेकडीवर गेली, वंडलूरच्या रानात गेली, चेंगलपट्टूच्या पुढचे खडक पालथे घातले. नाही मिळालं. तिला माहीत असलेल्या जगात ते त्या एका खडकावर होतं, आणि तिथंही कडेनं पांढरं पडत चाललेलं.

अर्धं तिनं खडकावरच राहू दिलं. अर्धं सुरीनं सोडवून घरी आणलं.

बेत साधा. तीन पदरी नेट. रोज उजाडताना फवारा, असा की ऊन पाण्याच्या टाकीला शिवायच्या आत सगळं वाळलेलं. काही महिन्यांनी एक पदर काढायचा. पुढं आणखी एक. दगडफुलाला ऊन शिकवायचं. शिकलं तर त्याचे तुकडे उघड्या खडकांवर लावता येतील, आणि ते आणखी पन्नास-शंभर वर्षं काढेल. नाही शिकलं तर कॉलेजच्या कपाटात कागदाच्या पाकिटात राहील. आणखी कुठंच नाही.

ते शिकत होतं. दुसऱ्या वर्षी डिसेंबरात, मार्गळीच्या गार सकाळी त्याच्या कडांना रंग चढला. नंदितानं भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग अप्पांना हाक मारली.

अप्पांनी भिंग डोळ्याला लावलं. "सावळं झालं गे," ते म्हणाले. "आता आमच्या घरचं दिसतं."

अप्पा म्हणजे व्यंकोजी, तिचे वडील. आवडी नावाच्या गावातल्या रणगाड्यांच्या कारखान्यात, भट्टीपाशी त्यांची नोकरी झाली. पोलाद लाल करायचं, बुडवायचं, पुन्हा तापवायचं. कान तिथंच गेले. घराणं तंजावरचं; घरात अजून ती जुनी मराठी चालते, मध्ये मध्ये तमिळ. ऊर्मी राहायला आली तेव्हा पहिले काही दिवस तिला वाटलं, म्हातारबाबा ऐतिहासिक नाटकातलं काहीतरी पाठ करतायत.

फवाऱ्याचं काम अप्पांकडे होतं, आणि गच्चीच्या दाराची किल्लीही. बायको गेल्यापासून ते अंधारात उठून नुसते बसायचे, म्हणून नंदितानं एक दिवस त्यांच्या हातात बाटली दिली.

दगडफुलाला ते जावई म्हणत. मुलीनं लग्न केलं नाही पण जावई घरात आणला, असं ते येईल-जाईल त्याला सांगायचे. आणि जावई कसा, तर उठून काडी इकडची तिकडं करत नाही, सगळ्यांच्या आधी त्याला आंघोळ लागते, ऊन सोसत नाही, आणि सासऱ्यानं बाटली धरून तिष्ठत राहायचं. फवारा झाला की ते जिन्यातूनच ओरडत, "जावयांचं स्नान झालं." मग नंदिता कॉफी टाकायची.

यंदा अधिक मास येतोय, तर जावयाला वाण काय देणार, असं ऊर्मीनं त्यांना विचारलं होतं.

"सावली," अप्पा म्हणाले.


पांढरा कापूस

हिरव्या थराच्या खाली पांढरे दोरे असतात, सैल, कापसासारखे. दोऱ्यांत हवा. इथं काही शिजत नाही. इथं नुसतं धरून ठेवलं जातं.

मे.

कत्तिरी लागली. पंचांगातले अग्निनक्षत्राचे दिवस. इथं सगळे त्याला कत्तिरीच म्हणतात. नेटचा एकच पदर उरला होता. नंदिताला विद्यापीठाचे पेपर तपासायला तिरुचीला जायचं होतं, आणि ते टाळता येत नाही. जायच्या आदल्या संध्याकाळी तिनं काढलेला पदर पुन्हा घालावा का म्हणून हातात घेतला. मग वाटलं, घातला तर शिकलेलं विसरेल. तो तिनं घडी घालून जिन्यातल्या खिळ्याला अडकवला.

अप्पांना तिनं एकच गोष्ट सांगितली. उजाडताना फवारा, नंतर काही झालं तरी पाणी नाही. दोनदा सांगितली. ते म्हणाले की आयुष्यभर भट्टी सांभाळली, आता बाटली सांभाळता येईल.

त्यांनी सांभाळली. पण फवारा धरेच ना. गच्ची रात्रभर तापलेली, समुद्रावरचा वारा इथवर पोचलाच नाही. थेंब पडता पडता उडून जात. दगडफुलानं कडा वर वळवल्या. खालची काळी बाजू दिसायला लागली. अंगाचा रंग राखेचा. अप्पांनी बोट लावलं तर ते पापडासारखं वाजलं.

दिवसभर ते फोन करत होते. तपासणीच्या हॉलमध्ये फोन बाहेर काढून घेतात. संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा अप्पांनी सगळं सांगितलं, की जावयांनी अंग चोरलंय, मान टाकलीय. नंदिता दमलेली होती. तिनं समजावलं की असंच व्हायला हवं. ऊन कमी लागावं म्हणून ते वळून घेतं. उलट चांगलं आहे.

"झोपलंय, अप्पा," ती म्हणाली. "झोपू दे त्याला. कत्तिरी उतरली की उठेल."

"सरी, बरं," अप्पा म्हणाले.

विद्यालक्ष्मी, त्यांची बायको, अशाच कत्तिरीत गेली. दुपारी वीज नव्हती. ती खालच्या खोलीत, गार म्हणून जमिनीवर आडवी झाली. अप्पा दोन वेळा दारापर्यंत आले. झोपली आहे म्हणून उठवलं नाही.

या गोष्टीवर घरात कधी कुणी बोललेलं नाही. नंदिताही फोनवर बोलताना

नाही, तिला आठवलं नाही. ती दगडफुलाबद्दल बोलत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी देवाच्या कपाटातून धारापात्र काढलं. तांब्याचं, बुडाला बारीक भोक, भोकात दर्भाची काडी. कत्तिरीत महादेवाच्या पिंडीवर ते टांगतात. थेंब थेंब पाणी पडत राहतं, देवाची काहिली होत नाही. विद्यालक्ष्मी होती तोवर घरच्या पिंडीवर दर उन्हाळ्यात टांगलं जायचं. तिच्यामागं पात्र कपाटात हिरवं पडलं होतं. अप्पांनी ते चिंचेनं घासलं.

गच्चीवर चौकट होतीच. गोटाही होताच. धार नीट मधोमध पडावी म्हणून अप्पांनी नेट गुंडाळून एका बाजूला बांधली. पूर्वेकडे तोंड करून हातावर पाणी घेतलं आणि संकल्प सोडला, की कत्तिरी संपेतो अखंड. पात्र काठोकाठ भरलं.

फार वेळ लागला नाही. वळलेल्या कडा हळूहळू खाली बसल्या. राख गेली, हिरवं आलं. असं हिरवं त्यांनी पहाटेच्या उजेडात कधी पाहिलं नव्हतं, कारण पहाटे उजेडच एवढा नसतो. ते टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून बसले. पात्र त्यांनी रिकामं होऊ दिलं नाही. जेवायला खाली आले नाहीत; ऊर्मीनं ताट वर नेऊन दिलं, पोळी आणि कैरीचं लोणचं, आणि वर गेलीच आहे तर म्हणून एक फोटो काढला.


खालचं कातडं

फोटो नंदिताला परतीच्या गाडीत मिळाला. खाली ऊर्मीनं लिहिलं होतं, की जावई बघा कसे टवटवीत झालेत, काल काढलेला, पाठवायचा राहिला.

पहिल्यांदा दिसलं ते हिरवं. नंदिताला आनंद झाला. खरंच झाला, क्षणभर. मग तिला पात्राची सावली दिसली. ती पात्राच्या बरोबर खाली होती, गोट्यावर, लहानशी. डोक्यावर ऊन होतं.

अप्पांना फोन लावला. वाजत राहिला. फोन खोलीत असणार आणि अप्पा वर. ऊर्मीला लावला.

"ऊर्मी, वर जा आणि ते भांडं काढ."

का, असं ऊर्मीनं विचारलं. मग सांगते, आधी काढ, आणि नेट ओढ त्याच्यावर. फोन कानाला असतानाच ऊर्मी जिना चढली; चपलांचा आवाज, धाप, मग गच्चीचं दार. पलीकडे काहीतरी बोलणं झालं. मग ऊर्मी पुन्हा फोनवर आली, खालच्या आवाजात.

"ताई, अप्पा म्हणतायत अखंड धार आहे. संकल्प सोडलाय त्यांनी."

"असू दे. तू काढ."

"चालू धार कशी तोडू हो? माझ्या हातून नको."

"ऊर्मी, ती पिंड नाहीये."

"ते मला कळतंय ताई. पण पाणी देवाच्या नावानं सोडलंय ना."

नंदितानं फोन अप्पांना द्यायला सांगितला. गाडीचा खडखडाट, अप्पांचे कान. तिला ओरडून बोलावं लागलं, डब्यातली माणसं वळून बघायला लागली. पाणी थांबवा, म्हणाली. उन्हात ते ओलं राहता कामा नये. अप्पांनी अर्धंच ऐकलं असावं. त्यांचा आवाज किती महिन्यांनी असा चढा होता.

"उठलं गे अम्मा. ये, बघशील. मी उठवलों."

"अप्पा, थांबवा ते. मरेल."

आता ऐकू आलं.

"मान टाकली होती त्यानं," अप्पा सावकाश म्हणाले. "मी पुन्हा दारातून बघून जाऊं?"

तेव्हा तिला सगळं आठवलं. खालची खोली, बंद पंखा, सगळं. तिनं नुसतं, थांबवा, असं परत म्हटलं, पण ते तिलाच ऐकू आलं नाही.

"तूं ये," अप्पा म्हणाले. "माझा संकल्प मी मोडणार नाही. येऊन तूंच मोड."

मेलमरुवत्तूर स्टेशन गेलं. पाणी आत आहे म्हणून शेवाळ जागं आहे. जागं आहे म्हणून ऊन घेतंय.

मदुरांतकम. तळ्यात पाणी नाही, गुरं आहेत. घेतलेल्या उन्हाचं काय करायचं ते शेवाळाला उरकत नाही.

चेंगलपट्टू. जे उरकत नाही ते आतल्या आत जाळत सुटतं. हिरवा रंग स्वतःलाच खायला लागतो.

गुडुवांचेरी. कडा सावळ्या आहेत, त्या थोड्या वेळ टिकतील. मधला भाग अजून शिकलेला नाही.

वंडलूर. बुरशी काही करू शकत नाही. ती छप्पर आहे. छपराला आतल्यांना हाक मारता येत नाही.

पेरुंगळत्तूर. कालपासून चाललंय हे. आता तासाभरानं काय फरक पडतो.

तांबरम.


दगडाला धरणारे केस

तिनं पात्र काढलं. दर्भाच्या टोकाचा शेवटचा थेंब तिच्या मनगटावर पडला, गरम होता. जिन्यातला पदर आणला, अडगळीतला तिसरा शोधला, आणि तिन्ही पदर चौकटीवर ओढले. अप्पा खुर्चीतून बघत होते. त्यांनी विचारलं, जेवलीस का. ती म्हणाली, नाही. मग दोघं खाली आले आणि ऊर्मीनं पाठवलेला ताकभात खाल्ला. ऊर्मी स्वतः आली नाही.

संध्याकाळी दगडफूल वाळलं. तसंच दिसत होतं जसं वाळल्यावर दिसतं. अप्पा म्हणाले, बघ, काही झालं नाही. ऊर्मी दारातून म्हणाली, चला, देवाची कृपा.

दगडफूल लगेच सांगत नाही.

दोन-तीन दिवसांनी मधला भाग पिवळसर झाला. मग फिका. मग जखमेची पट्टी काढल्यावर खालचं कातडं असतं तसा, पांढरट गुलाबी. कडांचा तपकिरी रंग तेवढा राहिला. रंग होता, रंगाखाली कुणी नव्हतं. नंदिता रोज उजाडताना वर जाऊन बघत होती, आणि अप्पा बाटली घेऊन तिच्या मागं उभे राहत, आणि ती फवारा म्हणेल म्हणून वाट बघत. ती म्हणत नव्हती.

शेवटी त्यांनीच विचारलं.

"मी मारलों का?"

तिच्याकडे उत्तरं होती. सगळ्यांत थोडं थोडं खरं होतं. रात्री निवत नाहीत. दव पडत नाही. ओलं केलं तरी मरतं आणि नाही केलं तरी शिकत नाही, म्हणजे वाट मुळातच अरुंद होती आणि दर वर्षी आणखी अरुंद होत होती. दुसरा पदर हातात घेऊन मी खिळ्याला अडकवला. हे सगळं ती बोलू शकली असती, वर्गात बोलते तसं, आणि अप्पांनी मान हलवली असती. पण त्यांनी एवढंच विचारलं होतं.

"तापलेलं होतं, अप्पा," ती म्हणाली. "त्यावर पाणी पडलं."

अप्पा गोट्याकडे बघत राहिले. भट्टीतून काढलेल्या लाल पोलादावर पाणी पडलं तर काय होतं हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"तडकतं," ते म्हणाले.

"हो."

त्यांनी बाटलीतलं पाणी तुळशीच्या कुंडीत ओतलं. तुळसही वाळलेलीच होती.


दगड

राहिलं होतं ते खडकावरचं. त्या अर्ध्याला तिनं हात लावला नव्हता. तसंच ठरवलं होतं, की एकाला शिकवायचं आणि एकाला त्याच्या नशिबावर सोडायचं, म्हणजे कळेल. मार्चमध्ये कॉलेजच्या मुलींना घेऊन ती तिथं गेली होती. जननी नावाच्या मुलीनं विचारलं होतं, मॅम, हे मेलंय का? नंदितानं सांगितलं होतं की झोपलंय. हात लावू नका.

आता तिला त्याचा एक तुकडा हवा होता. एवढासा. पुन्हा तीन पदर, पुन्हा पहिल्यापासून.

उजाडताच ती बाटली घेऊन गेली. रानात मोर ओरडत होते. खडक अजून कोमट होता. दगडफूल वळून बसलेलं, राखेच्या रंगाचं, गच्चीवरचं धारेच्या आधी होतं अगदी तसं. तिनं फवारा मारला.

जिवंत दगडफूल काही मिनिटांत हिरवं होतं.

ते मऊ झालं. कडा खाली बसल्या. कागदही भिजला की बसतो. तिनं आणखी फवारा मारला, खडकाच्या खालच्या अंगाला, जिथं थोडी ओल टिकत असेल तिथं. वाट पाहिली. रंग राखेचाच. नखानं तिनं एक कड उलगडली आणि भिंग लावलं. वरचं कातडं होतं. कापूस होता. दोन्हींच्या मध्ये जे असायला हवं ते नव्हतं.

कधी गेलं असेल ते कळायला मार्ग नाही. कोरडं असताना झोपलेलं दगडफूल आणि मेलेलं दगडफूल सारखंच दिसतं. या उन्हाळ्यात गेलं असेल. मागच्या उन्हाळ्यात गेलं असेल. मुलींना ती सांगत होती तेव्हाही

मुलींना ती सांगत होती.

ऊन झाडांच्या शेंड्यांवरून उतरून खडकावर आलं. ओलं केलेलं सगळं तिच्या डोळ्यांदेखत वाळलं आणि पुन्हा कडा वळवून बसलं. मेलेल्यालाही वळता येतं, हे तिला माहीत होतं. पुस्तकात आहे. ती तिथं थोडा वेळ थांबली. थांबण्यासारखं काही नव्हतं. मग उठून, गुडघ्यावरची माती झाडून, स्टेशनच्या बाजूनं चालत घरी आली. वाटेत तिनं विचार केला आणि एक गोष्ट तिला बरी वाटली. या सगळ्यात एकच. की अप्पांना हे सांगता येईल.

अप्पा स्वयंपाकघरात होते. फवारा नसल्यामुळं कॉफी तेच आधी टाकायला लागले होते. तिनं त्यांच्या हातातून पेला घेतला, स्टुलावर बसली, आणि सांगितलं. त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसून, सावकाश. की खडकावरचंही गेलं आहे. तिथं कुणी धार धरली नाही, कुणी नेट काढली नाही. मीच त्याला झोपू दिलं. ते झोपेतच गेलं, आणि कदाचित केव्हाच.

"म्हणजे तुमच्या पाण्यानंच जातं असं नाही, अप्पा. नाही दिलं तरी जातं."

अप्पांनी ऐकलं. कॉफी खाली-वर करून निववली, पण प्यायले नाहीत.

"तें आधीच गेलं होतं?"

"हो."

"मी पात्र टांगलों तेव्हा तें नव्हतं."

"नसावं."

"मग होतं तें आपल्या गच्चीवरचंच," अप्पा म्हणाले. "तेवढंच होतं."

दिलासा म्हणून आपण त्यांना काय दिलं ते नंदिताला तेव्हा कळलं. परत घेता येण्यासारखं ते नव्हतं. ती काहीतरी बोलायला लागली, पण खालून ऊर्मी कुकरच्या शिट्टीवर गजेंद्रला डबा विसरला म्हणून हाका मारत होती, आणि ते संपेपर्यंत अप्पांनी पेला खाली ठेवला होता.

अप्पांनी कमरेच्या करगोट्यातून गच्चीच्या दाराची किल्ली सोडवली. गाठ ओल्या घामानं घट्ट बसली होती, वेळ लागला. किल्ली त्यांनी तिच्या पेल्याशेजारी ठेवली.

तिनं ती घेतली.